यादीत नसलेली चौथी बाई

दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढलेल्या स्त्रियांच्या कहाण्या मराठीत सांगणारे लेखक, अनुवादक आणि संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

६ जुलै १९४४. आल्सासच्या डोंगरावर नात्सवाइलरची छळछावणी आहे. तिथे दुपारी चार बायका चालत आल्या. छावणी पुरुषांची, त्यामुळे बाई दिसणं हेच नवल. शिवाय त्या दिवसाढवळ्या आल्या, म्हणून पुष्कळ कैद्यांनी त्यांना पाहिलं. ब्रायन स्टोनहाउस हा ब्रिटिश कैदी चित्रकार होता. त्यांचे कपडे, केस, चालण्याची ढब हे सगळं त्याच्या नजरेत राहिलं. त्याच रात्री चौघींना फिनॉलची इंजेक्शनं दिली आणि भट्टीत टाकलं.

युद्ध संपल्यावर व्हेरा ॲटकिन्स जर्मनीत गेल्या. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागात त्या अधिकारी होत्या. आपण पाठवलेल्या माणसांपैकी जी परत आली नाहीत त्यांचं काय झालं, हे शोधायला त्या निघाल्या होत्या. त्यांच्या यादीत ११८ नावं होती. तुरुंगाचे पहारेकरी, छावणीतले अधिकारी, सुटलेले कैदी यांना त्या एकेक करून भेटल्या आणि ११७ जणांचा शेवट त्यांनी नक्की केला. ज्या काळात अर्धा युरोप रस्त्यावर आला होता, त्या काळातलं हे काम आहे. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे.

नात्सवाइलरच्या चौघींपैकी तिघी ओळखू आल्या: आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना रोडन. चौथीचं वर्णन होतं, नाव नव्हतं. ॲटकिन्स यांनी यादी पाहिली आणि वर्णनाशी त्यातल्या त्यात जुळणारं नाव लावलं: एसओईची वायरलेस ऑपरेटर नूर इनायत खान. नूर नात्सवाइलरला मारली गेली अशी नोंद झाली, घरच्यांनाही तसंच कळवलं गेलं.

मग फ्रान्सहून एका बाईचं पत्र आलं. योलांद लाग्राव युद्धात जर्मनीतल्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात होत्या. तिथे शेजारच्या कोठडीत एक बाई बेड्या घालून एकटी ठेवलेली असे. बोलायला बंदी होती. पण जेवणाचे वाडगे सगळ्यांचे एकत्र धुतले जात आणि पुन्हा वाटले जात. कैदी बायका वाडग्याच्या बुडाला ओरखडून निरोप लिहायच्या. त्या एकटीनेही लिहिलं: नोरा बेकर, आणि लंडनचा पत्ता, ४, टॅव्हिटन स्ट्रीट. तो नूरच्या घरचा पत्ता होता आणि बेकर हे तिच्या आईचं माहेरचं नाव. नात्सवाइलरला चौघी मारल्या गेल्या तेव्हा ती फोर्त्सहाइममध्ये जिवंत होती. पुढे कळलं, की तिला १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाउमध्ये गोळी घातली. तिच्याबरोबर योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि मादलेन दामेरमाँ होत्या.

मग नात्सवाइलरची ती चौथी कोण?

तिचं नाव सोन्या ओल्शानेझ्की. जन्म जर्मनीतला, घर ज्यू, वाढली पॅरिसमध्ये, नर्तकी होती. १९४२ मध्ये ती पकडली गेली आणि द्रान्सीच्या छावणीत गेली. तिथून बहुतेकांची रवानगी ऑशविट्झला व्हायची. युद्धाच्या कामाला उपयोगी असं काही कसब आपल्या मुलीजवळ आहे अशी खोटी कागदपत्रं तिच्या आईने जर्मनीतून मिळवली, लाच चारली आणि मुलीला सोडवलं. सुटल्यावर ही मुलगी प्रतिकाराच्या कामाला लागली. एसओईशी जोडलेल्या एका जाळ्यात ती निरोप पोचवायची. जाळं फुटलं, तिचा वाग्दत्त वर स्वित्झर्लंडला निसटला, ती पॅरिसमध्येच राहिली. १९४४ च्या जानेवारीत पकडली गेली तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावरच होती.

ॲटकिन्स यांच्या यादीत ती नव्हती, कारण तिला लंडनने पाठवलेलंच नव्हतं. तिची भरती फ्रान्समध्ये, तिथल्याच माणसांनी केली होती.

याची आणखी एक गाठ आहे. तिच्यामुळेच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. १९४३ च्या शरदात सोन्याने स्वित्झर्लंडमार्गे लंडनला एक निरोप पाठवला होता. ‘मादलेन’ अपघातात सापडून इस्पितळात आहे, असा त्याचा मजकूर होता. ‘मादलेन’ हे नूरचं टोपणनाव. अपघात आणि इस्पितळ म्हणजे पकडली गेली, हे त्या धंद्यात सगळ्यांना कळत होतं. पण निरोप धाडणारी ‘सोन्या’ कोण, हे फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो गंभीरपणे घेतला नाही. इकडे नूरच्या ट्रान्समीटरवर जर्मन बसले होते आणि लंडन त्यांच्याशी निवांत बोलत होतं. २९ फेब्रुवारी १९४४ च्या सुमारास त्याच संपर्कावर ठरवलेल्या जागी शार्त्रजवळ तिघे जण पॅराशूटने उतरले आणि उतरल्या उतरल्या जर्मनांच्या हाती लागले. त्यांच्यात मादलेन दामेरमाँ होती. दाखाउला नूरबरोबर जिला मारलं तीच ही.

जी यादीत नव्हती तिचा इशारा कुणी ऐकला नाही, आणि ती मेल्यावर तिच्या मरणावर दुसरीचं नाव लागलं. फ्रान्समधल्या व्हालाँसे गावी एसओईच्या फ्रान्स विभागाचं स्मारक आहे. त्यावर १०४ नावं आहेत, त्यांतली १३ बायकांची. सोन्याचं नाव त्यात नाही.

मी नूरवर एक लेख लिहिला होता, त्याला बरीच वर्षं झाली. लोकांना आवडला. त्यात मी तिचा शेवटचा शब्द ‘लिबर्ते’, म्हणजे स्वातंत्र्य, म्हणून लिहिला आणि तिथेच लेख संपवला. तिच्या मरणाच्या दोन हकिगती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे मला पुढे समजलं. एक गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांतल्या एकाने दुसऱ्याला सांगितली, त्या दुसऱ्याने तपास अधिकाऱ्यांना. तिच्यात चौघी सकाळी जोडीजोडीने हात धरून गुडघ्यांवर बसतात आणि गोळ्या झाडल्या जातात. दुसरी हकीगत १९५८ मध्ये दाखाउच्या एका माजी कैद्याने नाव न देता सांगितली. तिच्यात नूरला आधी अमानुष मारहाण होते. पहिली मारणाऱ्यांच्या बाजूची आहे, त्यामुळे ती सौम्य असणारच. दुसरी इतक्या वर्षांनी आली आहे. मला त्यांतला एकच, सगळ्यांत सुंदर तुकडा हवा होता, तो मी उचलला. कुठून उचलला हे वाचकाला सांगितलं नाही. आज तो लेख पुन्हा लिहायला मिळाला तर मी दोन्ही हकिगती शेजारी शेजारी ठेवीन, आणि कोण काय का सांगत असेल याबद्दल चार ओळी लिहीन.

म्हणून पहिली विनंती संपादकांना. कृपया “थोडं रंगवा” असं लेखकाला सांगू नका. “कोठडीच्या खिडकीतून ती आकाशाकडे पाहत होती आणि तिच्या मनात आलं…” अशी वाक्यं हातात पडली तर पेन्सिलने समासात विचारा: हे कुणी पाहिलं? मला एकदा एका संपादकांनी सांगितलं होतं, की असल्या खुणांनी वाचक दुरावतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. वाडग्याच्या बुडाला ओरखडलेला पत्ता मी व्याख्यानात सांगते तेव्हा सभागृहात जी शांतता पसरते, ती कल्पनेने रचलेल्या कुठल्याही स्वगताला मिळालेली मी पाहिली नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे, आणि इथे आपण मराठीत लिहिणारे सगळेच सापडतो. नूरबद्दलच्या आपल्या लेखांचे मथळे आठवून पाहा. ‘गुप्तहेर राजकन्या’, ‘टिपू सुलतानची रणरागिणी वंशज’. टिपूशी नातं खरं आहे. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, सूफी आणि मोठे गायक, हेही खरं. पण नूर गुप्तहेर नव्हती. ती वायरलेस ऑपरेटर होती, एसओईने ब्रिटनमधून फ्रान्सला पाठवलेली पहिली स्त्री ऑपरेटर. सुटकेसमध्ये मावणारा ट्रान्समीटर घेऊन घरं बदलायची, एरियल बाहेर ताणायची, निरोप सांकेतिक लिपीत बांधायचा, आणि हुडकणारी जर्मन गाडी गल्लीत शिरायच्या आत पाठवून मोकळं व्हायचं, हे तिचं काम. १६ जूनच्या रात्री ती उतरली आणि काही दिवसांतच पॅरिसचं मोठं जाळं फुटलं. परत ये असं सांगितल्यावरही ती राहिली, कारण लंडनशी बोलणारं तिथे दुसरं कुणी उरलं नव्हतं. ‘राजकन्या’ म्हटलं की ही सगळी मेहनत झाकली जाते, आणि धैर्य जणू रक्तातूनच आलं असं वाटायला लागतं.

प्रशिक्षणात तिच्याबद्दल एका अधिकाऱ्याने शेरा मारला होता, की हिच्यावर बुद्धीचा फार भार पडलेला नाही, स्वभावही चंचल आहे. बकमास्टर यांनी त्याच कागदावर लिहिलं, “निव्वळ मूर्खपणा”. तो कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दोन्ही शेरे लिहा. तिने पाठवलेल्या निरोपांची वही जपून ठेवली होती आणि ती जर्मनांना सापडली, हेही लिहा. त्या वहीमुळे त्यांना तिच्या नावाने लंडनला फसवणं सोपं गेलं. हे लपवून आपण तिचा मान राखत नाही, तिच्याजागी एक मूर्ती बसवतो. तिने पळून जायचा प्रयत्न केला, पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला नकार दिला, म्हणून तिला बेड्या पडल्या. ही बाई आणि ती वही जपून ठेवणारी बाई एकच आहे.

आपल्या क्रियापदांकडेही एकदा बघा. पुरुष ‘लढले’, बायकांनी ‘साथ दिली’. पुरुषांनी ‘कट रचला’, बायकांनी ‘मदत केली’. इटलीतल्या प्रतिकारात निरोप, पत्रकं, औषधं, कधी हत्यारंही सायकलवरून नेणाऱ्या बायकांना ‘स्ताफेत्ता’ म्हणत. यासाठी मला मराठीत शब्द सापडत नाही. ‘निरोप्या’ पुल्लिंगी आहे, ‘जासूद’ही तसाच, आणि ‘दूती’ म्हटलं की नायिकेची सखी डोळ्यांपुढे येते. पोलंडमधल्या ज्यू तरुणी ज्यूंना कोंडलेल्या एका वस्तीतून, म्हणजे घेटोतून, दुसऱ्या वस्तीत बातम्या, खोटी कागदपत्रं, पैसे, पुढे पुढे काडतुसं नेत. त्यांना हिब्रूत ‘कशारियोत’ म्हणत. ‘केशेर’ म्हणजे जोड, सांधा. तुटलेल्या वस्त्यांना जोडणाऱ्या त्या. मला हा शब्द फार आवडतो. ‘सांधेकरी’ म्हणावं का? अनुवादकांनी यावर विचार करावा असं मनापासून वाटतं, कारण नाव नसलं की काम दिसत नाही.

त्या मुलींचं एक छायाचित्र आहे. ग्रोद्नोमध्ये १९४१ च्या नाताळात गेस्टापोच्या मेजवानीत काढलेलं. लोंका कोझिब्रोड्स्का, बेला हाझान, तेमा श्नायडरमन. तिघी नीटनेटक्या, केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. तिघी ज्यू, तिघी खोट्या पोलिश नावांनी वावरणाऱ्या. बेला तर त्याच गेस्टापो कचेरीत दुभाषी म्हणून नोकरीला होती. ओळ लिहिलेली नसेल तर ते कुठल्याही कचेरीतल्या समारंभाचं छायाचित्र वाटेल. तिघींपैकी युद्धातून वाचली ती फक्त बेला.

या मुलींचं मोल काहींना तेव्हाच कळलं होतं. वॉर्सा घेटोत गुपचूप दप्तर जमवणारे इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लूम यांनी १९४२ च्या मे महिन्यातच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, की हा विषय थोर लेखकाच्या लेखणीचा आहे. त्यांनी जमवलेले कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले गेले. ते कुठे पुरले आहेत हे माहीत असलेली फार थोडी माणसं वाचली. रॅकेल आउअरबाख आपल्या बहुतेक साथीदारांमागे जिवंत राहिल्या, आणि ढिगाऱ्याखालून ते कागद काढाच, असा त्यांनी तगादा लावला. पहिला भाग १९४६ मध्ये निघाला, दुसरा १९५० मध्ये. आज आपण ज्याला इतिहासाचं ‘साधन’ म्हणतो ते एका बाईच्या चिकाटीने जमिनीतून वर आलेलं आहे.

आता मोजदादीबद्दल. द गॉल यांनी फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांना जो सर्वोच्च सन्मान दिला, तो १,०३८ व्यक्तींना मिळाला. त्यांत बायका ६. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. फ्रान्सच्या प्रतिकारात बायका कमी होत्या असं नाही. ज्याच्या हातात बंदूक, ज्याच्याकडे पद, ज्याचं नाव संघटनेच्या कागदावर, तो मोजला गेला. माळ्यावर ट्रान्समीटर ठेवू देणारी, पाडलेल्या विमानातल्या वैमानिकाला आठवडाभर लपवणारी, रेशनच्या तिकिटांत दोन माणसं जास्त जगवणारी बाई कुठल्याच कागदावर नव्हती. सापडली असती तर छावणीत मात्र तीही गेली असती.

इटलीत तर आपल्याच माणसांनी त्यांना मागे ठेवलं. मे १९४५ मध्ये तुरीन शहरात विजयाचं संचलन निघालं तेव्हा डोंगरात राहिलेल्या पुष्कळ बायकांना चालू नका असं सांगितलं गेलं. कारण काय, तर पुरुषांबरोबर डोंगरात राहिलेल्या बायका पाहून लोक नको ते बोलतील. यावर वेगळं भाष्य करायची गरज आपल्या वाचकाला नाही, त्याला हे वाक्य नीट ओळखीचं आहे.

आणि ज्यांना मान मिळतो त्यांचा मानही टिकतोच असं नाही. नेदरलँड्सच्या हान्नी शाफ्टला १७ एप्रिल १९४५ ला, मुक्ती जेमतेम तीन आठवड्यांवर असताना, वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. त्या टेकड्यांत युद्धानंतर ४२२ प्रतिकारकांचे देह सापडले. ४२१ पुरुष आणि एक हान्नी. तिचा अंत्यविधी राणीच्या उपस्थितीत झाला. पण हान्नी डाव्या विचारांच्या गटातली होती. शीतयुद्ध तापलं तसं तिचं नाव अडचणीचं झालं, आणि १९५१ मध्ये तिच्या स्मृतीसाठी निघालेल्या लोकांना सरकारने अडवलं. तिच्या साथीदार ट्रुस आणि फ्रेडी ओव्हरस्टेगेन या बहिणींना सरकारी सन्मान मिळाला तो २०१४ मध्ये, म्हातारपणी. किती जणांना मारलं हे त्या सांगत नसत. सैनिकाला असं विचारू नये, असं फ्रेडी म्हणायच्या. मुलाखती घेणाऱ्यांनी ही मर्यादा पाळावी. कोवळ्या वयात लढ्यात ओढल्या गेलेल्या मुलींनी आयुष्यभर काय वाहिलं, ते त्यांच्या न बोलण्यातही कळतं, आणि ते न बोलणंही कहाणीत लिहिता येतं.

एक प्रसंग मी कुणी नवीन लिहायला आलं की सांगते, तो इथेही सांगते. रावेन्सब्रुकच्या बायकांच्या छावणीत १९४२ च्या ऑगस्टपासून ७४ पोलिश कैदी बायकांच्या पायांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग झाले. त्यांतल्या काही जणी लुब्लिनच्या तरुण मुली होत्या. घरी महिन्याकाठी एक ठरीव पत्र लिहायची परवानगी होती, तेही तपासून जाई. त्यांनी अधिकृत पत्राच्या ओळींच्या मध्ये आणि समासात लघवीने लिहायला सुरुवात केली. पण घरच्यांना हे कळणार कसं? पहिल्या पत्रात त्यांनी लहानपणी वाचलेल्या एका गोष्टीच्या पुस्तकाचा उल्लेख केला. त्या पुस्तकातला नायक ओळींची आद्याक्षरं जोडून गुपित काढतो. घरच्यांनी पत्रातल्या ओळींची आद्याक्षरं जोडली, तर निघालं: ‘पत्र लघवीत’. मग इस्त्री तापवली. कागदावर फिरवली तशी मधली अक्षरं तपकिरी होऊन वर आली: कुणावर शस्त्रक्रिया झाली, कुणाला मारलं, तारखा, नावं. ती माहिती पोलिश भूमिगतांकडून बाहेरच्या जगात गेली.

पायांवर धड उभं राहता येत नाही, कागद मोजून मिळतो, पत्र आधी शत्रू वाचतो; आणि तरी या मुलींनी नावं आणि तारखा नीट नोंदवल्या. मला त्यांच्यापुढे “बहुधा”, “साधारणपणे”, “असं म्हणतात” अशा शब्दांनी वेळ मारून नेताना लाज वाटते.

चौकशीच्या कागदांबद्दल एवढंच, की ते शत्रूने लिहिलेले असतात. नाझींविरुद्ध पत्रकं वाटणारी जर्मन विद्यार्थिनी सोफी शोल, तिच्या चौकशीची टिपणं १९९० मध्ये पूर्व जर्मनीच्या दप्तरांतून बाहेर आली. त्यांतलं तिचं प्रत्येक उत्तर कुणाला तरी वाचवण्यासाठी दिलेलं असू शकतं, हे ध्यानात ठेवूनच वाचावं लागतं. आणि जी बाई छळाखाली बोलली, तिला आपण घरात दिव्याखाली बसून ‘फितूर’ लिहू नये.

सोन्यावर मराठीत स्वतंत्र लेख माझ्या वाचनात आलेला नाही. माझ्याकडे तिच्याविषयीच्या टिपणांची एक वही आहे: द्रान्सीतली कैद, आईची कागदपत्रं, लंडनला गेलेला निरोप, नात्सवाइलर. कुठली गोष्ट कुणी सांगितली, ते प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं आहे. काही ओळींपुढे जागा रिकामी आहे. मला आता जर्मन शिकण्याइतकी उमेद राहिलेली नाही, आणि तिच्यासाठी फ्रेंचइतकीच जर्मनही लागेल. आपल्यापैकी कुणी जर्मन जाणणारं हे काम हाती घेणार असेल, तर वही मी जशी आहे तशी देईन. माझं नाव कुठे घालू नका. चौथ्या बाईचं मात्र मथळ्यात घाला.

आपली,
एक जुनी वाचक आणि अनुवादक